टर्कीच्या बंदुकीत चोक आणि काडतूस जुळत नाही? नवा चोक मागवण्याआधी हे तपासा

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, मेच्या तोंडावर टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि त्याआधी दोन महिने रेंजवर एकच रडगाणं ऐकू येतं: बंदूक छर्रे नीट फेकत नाही. बेंचवर बसणाऱ्यांना हात द्यायचं काम माझ्याकडे असतं. हा बिघाड इतक्यांदा पाहिलाय की छर्रे लागलेला कागद बघितल्यावर बहुतेक वेळा कारण सांगता येतं. तोवर समोरच्याने साठ-सत्तर डॉलरचा नवा एक्स्ट्रा फुल चोक, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसणारी फार अरुंद नळी, मागवलेला असतो, आणि बऱ्याचदा त्याची गरजच नसते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे इथे येऊन पहिल्यांदा बंदूक हातात घेणारे मराठी लोक बरेच आहेत. सवय नसली की दुकानदार सांगेल ते खरं वाटतं. खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून खर्चाच्या तपासण्यांकडे जातो. मधली पायरी गाळू नका, कारण पुढच्या पायरीचं उत्तर मागचीवर अवलंबून आहे.

लक्षणं

तक्रार तोंडी एकच असली तरी कागदावर ती वेगवेगळी दिसते. तुमची कोणती ते आधी ओळखा.

- छर्रे भरपूर लागलेत, पण मधे मुठीएवढी जागा कोरी आहे. टर्कीचं डोकं त्या जागेत आरामात मावतं.
- पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा कागदावरचा पसारा, दाट आहे, पण नेम धरला त्याच्या वीतभर वर किंवा बाजूला.
- पहिले दोन-तीन बार छान, पुढचे विस्कटत जातात.
- मित्राच्या बंदुकीत तोच चोक आणि तेच काडतूस झकास चालतं, तुमच्या बंदुकीत नाही.
- २० यार्डांवर छर्ऱ्यांचा गोळा संत्र्याएवढा घट्ट, आणि पक्षी जवळ असूनही हुकतो.
- पक्षी कोलमडतो, उठतो आणि झाडीत पळून जातो. हे सगळ्यात वाईट. असं एकदा जरी झालं तरी कागदावर तपासल्याशिवाय पुन्हा जंगलात जाऊ नका.

कागद काय सांगतो

टर्कीच्या छातीवर आणि पंखांवर बार टाकत नाहीत. तिथली पिसं आणि मांस छर्ऱ्यांचा जोर खाऊन टाकतात, पक्षी जखमी होतो आणि मिळतही नाही. लक्ष्य डोकं आणि मान, म्हणजे मेंदू आणि मानेचा मणका. मणका पेन्सिलीहून फार जाड नसतो. एवढ्याशा जागेत दोन-चार छर्रे नक्की बसावेत म्हणून पॅटर्न दाट लागतो.

इथे रूढ असलेला ठोकताळा असा: ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, १० इंच व्यासाच्या वर्तुळात निदान १०० छर्रे. तेही सारखे पसरलेले. १३० छर्रे आहेत पण खालचा डावा पाव भाग मोकळा आहे, तर मी त्या जोडीला नापास करतो.

हार्डवेअरच्या दुकानात जमिनीवर अंथरायच्या तपकिरी कागदाचा गुंडाळा मिळतो, तो पुरतो. तीन-साडेतीन फुटांचा चौकोन लावा आणि मधे मार्करने ठळक ठिपका करा. बार काढल्यावर छर्रे जिथे सगळ्यात दाट आहेत तिथे १० इंचांचं वर्तुळ काढा. वर्तुळ आधी काढून ठेवायचं नाही, कारण तुम्हाला दोन वेगळे प्रश्न विचारायचे आहेत: पॅटर्न किती दाट आहे, आणि तो कुठे पडतोय? पहिल्याचं उत्तर वर्तुळातले छर्रे मोजून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ठिपका आणि वर्तुळाचं केंद्र यांतलं अंतर. हे दोन प्रश्न एकत्र केले की माणूस नेमाच्या चुकीवर चोक बदलत बसतो.

एका कागदावरून निकाल देऊ नका. त्याच जोडीचे तीन कागद हवेत, आणि प्रत्येकावर अंतर, चोक, काडतुसाचं नाव, छर्ऱ्याचा नंबर आणि तारीख लिहा. घरी गेल्यावर कोणता कागद कशाचा ते आठवत नाही.

एक गोष्ट क्रमाच्या बाहेर, पण सगळ्यात आधी. डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ लावल्याशिवाय बेंचवर बसू नका. एखादा बार फुसका निघाला, म्हणजे आवाज दबका आणि धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला, तर दुसरं काडतूस चढवू नका. नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीत वॅड, म्हणजे छर्ऱ्यांना धरणारा प्लॅस्टिकचा पेला, अडकलाय का ते बघा. अडकलेल्या वॅडवर दुसरा बार पडला की नळी फुटते.

पहिली तपासणी: अंतर

हे फुकट आहे, म्हणून पहिलं. रेंजवर "४० यार्ड" लिहिलेली पाटी बरोबर असते. जंगलातला तुमचा अंदाज नसतो. मोकळ्या शेतात पाठीमागे झाड नसेल तर मोठा नर जवळ वाटतो, आणि ज्याला लोक ४० म्हणतात तो रेंजफाइंडरवर ५२ निघतो. चांगल्या जोडीचाही पॅटर्न तेवढ्या अंतरावर विरळ होतो आणि शिशाच्या छर्ऱ्याचा वेगही बराच उतरलेला असतो.

रेंजफाइंडर नसेल तर बसायच्या जागेपासून पावलं मोजून ३० आणि ४० यार्डांवर एकेक काटकी रोवून ठेवा. नर काटकीच्या आत आला नाही तर बार नाही.

उलटीही चूक असते. संत्र्याएवढा पॅटर्न हे लक्षण असेल तर बंदुकीत काही बिघडलेलं नाही. घट्ट चोक २० यार्डांवर असाच वागतो. घनदाट झाडीत, जिथे पक्षी १५-२० यार्डांवरच दिसतो, तिथे एवढा घट्ट चोक घेऊन बसणं हाच मुळात चुकीचा निर्णय. अशा ठिकाणी मी साधा फुल चोक लावायला सांगतो, कधी कधी त्याहून मोकळा मॉडिफाइडसुद्धा.

दुसरी: नळीत खरंच कोणता चोक आहे?

हसू नका. शरद ऋतूत फेझंट पक्ष्यासाठी लावलेला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हा मोकळा चोक तसाच राहून गेलाय, असं दर मोसमात निघतं. बंदूक रिकामी करा, ती रिकामी असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा, मग चोक काढून त्यावरची अक्षरं वाचा. अक्षरं पुसली असतील तर काठावरच्या खाचा बघा. अनेक कंपन्यांत एक खाच म्हणजे फुल, तीन म्हणजे मॉडिफाइड, पाच म्हणजे सिलिंडर. खाचा जितक्या जास्त तितका चोक मोकळा. नव्या माणसाला नेमकं उलटं वाटतं.

काही जुने लोक नळीच्या तोंडात डाइमचं, म्हणजे दहा सेंटचं, नाणं टाकून बघतात: आत गेलं तर चोक मोकळा, अडकलं तर फुल. नाण्याचा व्यास १७.९ मिलिमीटर आणि १२ गेजचा फुल चोक साधारण १७.६ (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद), त्यामुळे साध्या नळीत हे जमतं. आतून रुंद कोरलेल्या नळीत ही युक्ती फसते. मी ती गंमत म्हणून दाखवतो, निर्णय त्यावर घेत नाही.

आता चोक पुन्हा बसवा आणि शेवटपर्यंत आवळा. कारखान्याचा आतला चोक नळीच्या तोंडाशी सपाट बसायला हवा. तोंडाबाहेर येणारा टर्की चोक असेल तर त्याची कड नळीला टेकलेली हवी, मधून उजेड दिसता कामा नये. चोक अर्धा आटा जरी सैल असला तरी छर्रे आणि वॅड त्याच्या मागच्या पातळ कडेवर आपटतात. आज पॅटर्न बिघडतो, उद्या चोक फुगून आत अडकतो. दर चार-पाच बारांनंतर बंदूक रिकामी करून चोक हाताने आवळून बघायचा. धक्क्याने तो हळूहळू सुटतो, आणि "पहिले बार छान, पुढचे विस्कटलेले" या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे.

चोक न लावता आटे असलेल्या नळीतून बार काढायचा नाही, "एकच करून बघतो" असं म्हणूनही नाही. आटे खराब झाले की नळीच बदलावी लागते.

तिसरी: सफाई

"पहिले बार छान, पुढचे विस्कटलेले" याचं दुसरं कारण. चोक काढून खिडकीकडे धरा आणि आरपार बघा. स्वच्छ चोकच्या आत पोलादाची चकचकीत गोलाई दिसते. न धुतलेल्या चोकमध्ये जिथे तो अरुंद होत जातो तिथे करडा, मेणचट थर दिसतो आणि त्यावर शिशाचे लांबट चट्टे. नखाने खरवडलं तर प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटून येतो. हा वॅडचा वितळलेला अंश. एका कडेला तो जाड असला की छर्ऱ्यांचा झोत तिरका निघतो.

तांब्या-पितळेचा ब्रश, नळी साफ करायचं सॉल्व्हंट आणि पंधरा मिनिटं. चोक सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवा, तोवर नळीत ब्रश फिरवा. आटे कोरडे करून त्यावर चोकसाठीचं ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त लावलं तर त्यात दारूची काजळी बसते.

सफाईनंतर पॅटर्न सुधारला तर इथेच थांबा. काही विकत घेऊ नका.

चौथी: दोष नेमाचा आहे की पॅटर्नचा?

दाट पण भलतीकडे पडणारा पॅटर्न हा चोक-काडतुसाचा दोष क्वचितच असतो. आधी हलकी टार्गेट काडतुसं घ्या, २५ यार्डांवर जा, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवा आणि ठिपक्यावर शांतपणे तीन बार काढा. यात खांद्याला दणका बसत नाही, त्यामुळे बंदूक आणि माणूस वेगळे करता येतात. हलक्या काडतुसाने केंद्रावर लागतंय आणि टर्कीच्या काडतुसाने भलतीकडे जातंय, तर दोष बहुधा माणसात आहे.

साडेतीन इंची १२ गेज काडतुसात दोन औंस आणि त्याहून जास्त शिसं असतं. हलक्या बंदुकीतून ते सुटतं तेव्हा धक्का चांगलाच बसतो, आणि दोन बारांनंतर शरीर तो आधीच ओळखतं. मी समोरच्याला सांगून ठेवतो की काडतुसं मी भरणार, आणि मधेच न सांगता एक डमी काडतूस घालतो. घोडा ओढल्यावर बार होत नाही, पण नळीचं टोक दोन इंच खाली झुकतं, डोळे मिटलेले असतात आणि उजवा खांदा पुढे आलेला असतो. मग वाद घालायची गरज उरत नाही. तीन इंची काडतूस वापरा, रबरी रिकॉइल पॅड लावा किंवा २० गेज घ्या. आजच्या टंगस्टन काडतुसांमुळे २० गेजही ४० यार्डांपर्यंत पुरेसं पडतं.

दुसरी चूक मान वर करण्याची. नळीच्या टोकाला फक्त माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, असलेल्या बंदुकीत तुमचा डोळा हेच मागचं साइट असतं. पक्षी नीट दिसावा म्हणून गाल दस्त्यावरून उचललात की मागचं साइट उचललं गेलं, आणि बार पक्ष्याच्या डोक्यावरून जातो. बेंचवर ही चूक कमी होते, जंगलात हमखास होते. तिच्यावर छोटी रेड डॉट साइट हा चांगला इलाज आहे, कारण डोकं थोडं हललं तरी ठिपका खरं तेच दाखवतो. नव्या चोकसाठी पैसे काढून ठेवले असतील आणि साइट नसेल, तर माझ्या मते ते साइटवर घाला.

गाल बरोबर, बंदूक टेकवलेली, दुसऱ्या माणसानेही करून बघितलं, तरी पॅटर्न एकाच बाजूला सहा-आठ इंच सरकतोय? मग शेवटच्या भागाकडे जा.

पाचवी: काडतूस बदला, चोक नंतर

इथून पैसे लागतात. तरीही काडतूस आधी, कारण काडतुसाची पेटी सहसा चोकपेक्षा स्वस्त पडते आणि तिच्याने फरक बहुधा जास्त पडतो. एकच चोक, एकाच नंबरचे छर्रे, पण काडतूस दुसऱ्या कंपनीचं, एवढ्यानेही वर्तुळातला आकडा शंभराखालून दीडशेवर गेलेला पाहिलाय. कारणं समजण्यासारखी आहेत.

शिसं मऊ असतं. बार होताना मागचे छर्रे पुढच्यांवर दाबले जातात, चपटे होतात आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. म्हणून कडक शिसं, त्यावर तांब्याचा मुलामा आणि छर्ऱ्यांमधे प्लॅस्टिकची भुकटी भरलेली काडतुसं जास्त दाट मारतात. त्याच कारणाने पेटीवर मोठ्या अक्षरात वेग छापलेलं काडतूस अनेकदा वाईट निघतं: १,३०० फूट प्रति सेकंदाचं विस्कटतं, १,१५० चं सुबक पडतं. शिसं घेताना मला हळू काडतूस आवडतं.

छर्ऱ्याचा नंबर वाढला की आकार घटतो. शिशाचा ४ नंबर साधारण ३.३ मिलिमीटरचा, एका औंसात सुमारे १३५. ५ नंबर ३ मिलिमीटरचा, सुमारे १७०. ६ नंबर २.८ मिलिमीटरचा, सुमारे २२५. म्हणजे पावणेदोन औंसाच्या काडतुसात ४ नंबरचे २३५ च्या आसपास छर्रे, ६ नंबरचे ३९०. मधे कोरी जागा राहत असेल तर ४ वरून ५ किंवा ६ वर या. छर्रे जास्त झाले की भोकं बुजतात. ६ नंबर लवकर मंदावतो, म्हणून त्याच्यासाठी अंतराची शिस्त हवी. एकच पेटी घ्यायची असेल तर मी ५ नंबर सांगतो.

टंगस्टन सुपर शॉट, म्हणजे टीएसएस, हे प्रकरण वेगळं. घनता घन सेंटिमीटरला १८ ग्रॅम, शिशाची ११ च्या आसपास. म्हणून ९ नंबरचा बारीक छर्राही खोल जातो, आणि एका औंसात असे ३६० च्या आसपास बसतात. तो कडक असल्याने चपटा होत नाही. पण एकेक काडतूस फार महाग पडतं. नेम तपासायला ते वापरू नका. आधीच्या सगळ्या पायऱ्या स्वस्त काडतुसांनी पार करा, मग टीएसएसचे दोन-तीनच बार पुरतात. आणि कागदावर ६० यार्डांपर्यंत दाट दिसतंय म्हणून जंगलात ६० वर मारायला जाऊ नका. तेवढ्या लांब पक्ष्याने एक पाऊल टाकलं तरी डोकं दुसरीकडे गेलेलं असतं.

वॅडकडेही बघा. फेडरलच्या फ्लाइटकंट्रोल वॅडचे पंख मागच्या बाजूला उघडतात आणि तो छर्ऱ्यांना नळीबाहेरही काही अंतर धरून नेतो. अशा वॅडला बाजूला भोकं पाडलेला किंवा आत वॅड अडवणारा चोक लावला की तो वेळेआधी सुटतो आणि सगळं गणित बिघडतं. त्याला गुळगुळीत, बिनभोकांचा फुल किंवा त्याहून एक पायरी मोकळा इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड लावून सुरुवात करा. त्याच कंपनीचा फ्लेक्स प्रकारचा वॅड दोन्ही तऱ्हेच्या चोकमध्ये चालावा म्हणून केलेला आहे. मित्राच्या बंदुकीत चालतं आणि आपल्या बंदुकीत नाही, यामागे बरेचदा हाच भोकांचा फरक असतो.

थंडीचाही परिणाम होतो. गार हवा दाट असते, त्यामुळे मार्चमध्ये बर्फात तपासलेला पॅटर्न मेमधल्या उबदार सकाळपेक्षा थोडा सैल पडतो. काठावर पास झालेल्या जोडीला मी एप्रिलअखेर पुन्हा एक संधी देतो.

काडतुसं घेण्याआधी कायद्याच्या काही गोष्टी. टर्कीसाठी किती जाड छर्रा चालतो यावर अनेक राज्यांत मर्यादा आहे. ती त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिशाची काडतुसं बंद आहेत. एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, आणि त्याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या माणसाला नाही, म्हणजे मलाही नाही. आणि शिकारीला वापरलेली पाठीवरची पिशवी मुंबईला जाताना घेऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तिथे "चुकून राहिलं" हे सांगून लगेच सुटका होत नाही.

काडतूस बदलताना दोन आकडे नळीवर वाचायचे: गेज आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाची, लांबी. तीन इंची चेंबरमध्ये साडेतीन इंची काडतूस शिरल्यासारखं वाटतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोक्याच्या वर जातो. घरात १२ आणि २० दोन्ही असतील तर पेट्या वेगळ्या कपाटांत ठेवा. २० गेजचं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, वर १२ चं काडतूस बसतं आणि बार होताच नळी हातात फुटते. २० ची टरफलं पिवळी असतात ती यासाठीच.

सहावी: आता चोक

इथवर येऊनही १०० गाठत नसाल तर चोक बदला. पण जास्त घट्ट म्हणजे जास्त दाट, हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. मर्यादेपलीकडे शिसं चोकमध्ये चेचलं जातं, छर्रे एकमेकांना ढकलतात आणि कागदावर कडं उमटतं: कडेने दाट, मधे कोरं. मधली कोरी जागा बघून लोक अजून घट्ट चोक घेतात आणि ती अजून मोठी होते. असं कडं दिसलं तर एक पायरी मोकळ्या चोककडे जा. खिशात पडून असलेला कारखान्याचा फुल चोक लावून बघायला पैसे पडत नाहीत, आणि तो जिंकल्याचं मी कैकदा पाहिलंय.

आकडे बघताना चोकच्या तोंडाचा व्यास एकटा बघू नका, नळीच्या व्यासातून तो वजा करा. १२ गेजची साधी नळी ०.७२९ इंच, फुल चोक तिच्याहून ३५ ते ४० सहस्रांश अरुंद. शिशाच्या ५ आणि ६ नंबरला बहुतेक साध्या नळ्यांत ०.६५५ ते ०.६७० च्या दरम्यान उत्तर सापडतं. ४ नंबरला त्याच पट्ट्याचा मोकळा भाग आवडतो. पण ब्राउनिंगच्या इन्व्हेक्टर प्लस नळ्या ०.७४२ च्या आसपास, आणि मॉसबर्ग ८३५ ची नळी तर १० गेजएवढी, ०.७७५. तिला ०.६९५ चा चोकही भरपूर घट्ट. दुसऱ्याच्या ०.६६० चा आकडा ऐकून तिच्यासाठी तसाच मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आटेही जुळायला हवेत. रेम चोक, मोबिल चोक, इन्व्हेक्टर, इन्व्हेक्टर प्लस या वेगळ्या पद्धती आहेत. एखादा चोक दोन आटे जाऊन घट्ट झाला तर पुढे रेटू नका. तो त्या नळीचा नाही.

स्टीलचे छर्रे वापरणार असाल तर चोकवर स्टील चालतं असं लिहिलेलं असेल तरच. टर्कीच्या घट्ट चोकमधून जाड स्टील गेलं की चोक फुगतो, कधी नळीही.

एका वेळी एकच बदल. चोक आणि काडतूस एकदम बदलून पॅटर्न सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी ते काडतूस दुकानात मिळालं नाही की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

इथे हात आवरा, गनस्मिथकडे जा

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढचा बार काढायचा नाही.

चोक जाम झालाय. आटे सैल करणारं तेल रात्रभर मुरवा आणि दुसऱ्या दिवशी योग्य पान्याने एकदा प्रयत्न करा. नाही सुटला तर पाइप पाना, शिकंजा, गॅसची आच यांतलं काहीही वापरू नका. गनस्मिथ थोडक्या पैशांत सोडवतो ते काम, नळी पिळली गेली की शेकड्यांत जातं.

नळीवर कुठेही फुगवटा. प्रकाशाकडे तिरकी धरली की बाहेरून कडं दिसतं, आतून गडद वळं. फुगवटा दुरुस्त करू पाहू नका.

चोक नळीला समांतर नाही. आतून आरपार बघताना चोकचा काठ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला दिसेनासा होतो. आटे तिरके कापले गेले असतील किंवा नळी वाकली असेल. चौथ्या तपासणीत एकाच बाजूला सरकणारा पॅटर्न मिळाला असेल तर पहिला संशय इथे. नळी नवी असेल तर ती कंपनीकडे परत पाठवता येते, आणि त्यासाठी तारीख घातलेले तीन कागद तोंडी तक्रारीपेक्षा उपयोगी पडतात.

वाजवीपेक्षा कठीण उघडणारी बंदूक, टरफलाच्या पितळेवर फाटलेली किंवा काजळलेली जागा, घोडा न ओढता उडालेला बार. या तिन्हींचा चोकशी संबंध नाही, पण पॅटर्न तपासताना त्या लक्षात येतात. बंदूक रिकामी करा, पिशवीत घाला, घरी जा.

गनस्मिथकडे जाताना आधी फोन करा, बंदूक रिकामी आणि उघडी न्या. सोबत चोक, कागद, आणि बिघडलेल्या बाराची टरफलं. काडतुसांच्या पेट्या गाडीतच राहू द्या, लागल्या तर तो मागेल. एप्रिलच्या मध्यानंतर त्याच्याकडे रांग लागते आणि काम मोसम संपल्यावर हातात येतं. फेब्रुवारीतच गाठा.